हा रस्ता कोणाकडे आहे?

सरकारी कचेरीत रस्त्याची तक्रार घेऊन गेलं की टेबलापलीकडचा माणूस खड्डा केवढा, कधीपासूनचा, कोणी पडलं का, यातलं काही विचारत नाही. तो विचारतो, "रस्ता कोणाकडे आहे?" म्हणजे पीडब्ल्यूडीकडे, जिल्हा परिषदेकडे, महापालिकेकडे, की हायवेवाल्यांकडे? आपण म्हणतो, अहो, तेच तर विचारायला आलेय. मग तो चष्मा कपाळावर सरकवतो आणि सांगतो, "आधी ते बघून या."

चिडायला होतं. पण रस्त्याबद्दल विचारण्यासारखा खरा प्रश्न हाच आहे, असं माझं मत होत चाललंय. डांबर काय, कोणीही ओततं. निवडणूक जवळ आली की जरा जास्तच ओततात. ते टिकवायला मात्र रोज कोणीतरी नेमलेला लागतो. तो नेमलेला माणूस गेला की रस्ता जायला लागतो, आणि गंमत अशी की पुढची पाचसात वर्षं वरून काही कळत नाही. गाड्या चालत असतात, पांढरे पट्टे दिसत असतात. आतून रस्ता गेलेला असतो.

हे मत बनलं कात्रजच्या जुन्या घाटामुळे, आणि त्याहून जास्त माझ्या मामांमुळे. मामा या रस्त्यावर मैलकुली होते, म्हणजे रस्त्याची रोजची देखभाल करणारे सरकारी मजूर. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी शिवापूर ते घाटमाथा याच टापूत काढली. ऐंशी ओलांडलेल्या या माणसाला आजही कुठल्या वळणावर कुठली मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट, आहे आणि तिच्यात पाणी कुठल्या अंगाने येतं, हे पाठ आहे. नातवंडांची नावं उलटसुलट होतात, मोऱ्यांचं मात्र कधी चुकत नाही.

ज्यांनी हा घाट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कात्रज चौकातून दक्षिणेला निघालं की मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडीचा फाटा, भिलारेवाडी, मग चढ आणि वळणं, माथ्यावर एक दगडी बोगदा, वर वाघजाईचं देऊळ, आणि बोगद्यातून पलीकडे उतरलं की शिंदेवाडी. एवढाच रस्ता. हल्ली तिकडे कणीस खायला, पावसात फोटो काढायला जातात, किंवा कात्रज ते सिंहगड रात्रीचा ट्रेक करणारी पोरं कपाळावर विजेऱ्या लावून बोगद्यापाशी जमतात. पण एके काळी हा तुकडा राष्ट्रीय महामार्ग ४ होता. मुंबईहून पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर करत मद्रासला जाणारा सगळा माल, सगळ्या एसट्या, सगळे ट्रक या एका दगडी भोकातून जायचे.

सिंहगडापासून निघालेली डोंगराची रांग पूर्वेला भुलेश्वराकडे जाते आणि पुण्याच्या दक्षिणेला आडवी पडते. साताऱ्याकडे जायचं तर ती ओलांडायलाच हवी, आणि ती ओलांडायच्या जागा मोजक्या. कात्रज, त्याच्या पूर्वेला बापदेव, आणखी पूर्वेला दिवे. पेशवाईत छत्रपती साताऱ्याला, पेशवे पुण्याला. पेशवेपदाची वस्त्रंही साताऱ्याहून यायची. त्यामुळे या खिंडींतून नुसता माल जात नव्हता, राज्यच ये-जा करत होतं. कात्रजचा घाट तर त्याच्याही आधी भाषेत शिरलेला. शाहिस्तेखानाला बोटं गमवावी लागली ते १६६३ साल. त्यानंतर पाठलाग करणाऱ्या फौजेला चकवायला बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या घाटाकडे हाकलले, असं म्हणतात. खरंखोटं काहीही असो, आजही पुण्यात एखाद्याने उसने पैसे बुडवले की त्याने कात्रजचा घाट दाखवला असंच म्हणतात.

इंग्रजांच्या काळात १८८५ साली पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरचे भाग छापून निघाले. त्यातली घाटांची वर्णनं मला फार आवडतात, कारण त्यात कुठेही निसर्गाचं कौतुक नाही. गाडी जाते की नाही, बैल जातो की नाही, चढ कसा, हे सांगायचं आणि पुढच्या घाटाकडे वळायचं. बापदेव ही तिथे जुनी वाट आहे, मागे पडलेली. एका बाजूला दिवे घाटाने, दुसऱ्या बाजूला कात्रजने तिची वाहतूक खाल्ली. म्हणजे आज आपण ज्याला जुना घाट म्हणतो, तो त्या वेळी कोणाला तरी मागे टाकणारा नवा घाट होता. त्यात सूड वगैरे काही नाही, पण वाचताना मला थोडं बरं वाटलं हे खरं.

पुढे १८९० च्या सुमारास सदर्न मराठा रेल्वे पुण्याहून मिरज-बेळगावकडे धावू लागली. मीटरगेजची ती लाईन सासवड रोड, जेजुरी, नीरा असा पूर्वेचा वळसा घेते. लांबचा माल रेल्वेने ओढला आणि बैलगाड्यांचे रस्ते एकदम धाकटे झाले. देशभर हेच झालं. मग मोटार आली आणि पारडं पुन्हा फिरलं. बैलगाडीची लोखंडी धाव खडीच्या रस्त्याला चाकोरी पाडते. मोटारीचं रबरी चाक वेगाने जाताना खडीतली बारीक माती उडवून नेतं आणि दगड मोकळे करतं. दोन्ही एकाच रस्त्यावर चालू लागल्यावर रस्त्याचं काय होत असेल याची कल्पना करा. दुरुस्तीचा खर्च मात्र प्रांताने नाहीतर लोकल बोर्डाने, म्हणजे जिल्ह्यातल्या स्थानिक संस्थेने, करायचा, आणि त्यांच्याकडे पैसा नाही.

१९२७ साली या प्रश्नावर सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मुकुंद रामराव जयकर. पुण्यात जयकर म्हटलं की लोकांना विद्यापीठातलं ग्रंथालय आठवतं, कारण ते पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. मी स्वतः त्या ग्रंथालयात बसून अभ्यास केलाय, म्हणजे अभ्यास करायला बसलेय. पण आपल्या देशातल्या रस्त्यांच्या पैशाची पहिली नीट मांडणी याच माणसाच्या समितीने केली, हे कुणी सांगत नाही. समितीचा अहवाल १९२८ साली आला. त्यातलं म्हणणं साधं होतं: मोठे रस्ते हे एकट्या लोकल बोर्डाचं किंवा प्रांताचं ओझं राहिलेलं नाही, देशानेही ते उचललं पाहिजे, आणि जो मोटार चालवतो त्याने पेट्रोलमागे काहीतरी द्यावं. १९२९ पासून पेट्रोलवर जादा कर बसला आणि त्यातून केंद्राचा रस्तेनिधी उभा राहिला. रस्ता कोणाकडे आहे, याचं पैशाच्या भाषेतलं ते पहिलं उत्तर.

दुसरं उत्तर १९४३ साली नागपूरला मिळालं. युद्ध चालू होतं, आणि सगळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात बसून युद्धानंतरच्या वीस वर्षांचे रस्ते आखत होते. तिथे रस्त्यांची उतरंड ठरली. सगळ्यात वर राष्ट्रीय महामार्ग, मग राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि शेवटी ग्रामीण मार्ग. आजही सरकारी कागदात रा.मा., प्र.जि.मा., इ.जि.मा., ग्रा.मा. अशी अक्षरं दिसतात ती या बैठकीची संतती. कडेच्या दगडांवरही ही जात लिहिलेली असते. दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय, हिरवं असेल तर राज्य. जिल्ह्याचा आणि गावचा रंग आणखी वेगळा. महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि वरचे रस्ते बांधकाम खात्याकडे, खालचे परिषदेकडे अशी वाटणी पक्की झाली. मामांच्या तोंडी मात्र खात्याचं नाव अजून 'बीयन्सी'च आहे, म्हणजे बी अँड सी, इमारती व दळणवळण. ते खातं नावाने कधीच संपलं. मामांचं पेन्शन अजून 'बीयन्सी'कडूनच येतं.

आता मैलकुली काय करायचे ते सांगते, कारण या लेखातली मला खरी सांगायची गोष्ट तीच आहे आणि ती कुठल्या गॅझेटिअरमध्ये नाही.

एका टोळीकडे रस्त्याचा ठरलेला तुकडा. वर मुकादम, त्याच्यावर मिस्त्री, त्याच्यावर ओव्हरसिअर. फावडं, घमेलं, टिकाव, कोयता, एक लाल झेंडी. सकाळी हजेरी आणि मग आपला तुकडा पायी बघत जायचं. मामा सांगतात ते असं: "आधी रस्ता बघायचा न्हाय. आधी कडा बघायची. साइडपट्टी रस्त्यापेक्षा वर आली का, ती तासायची. गवत माजलं का, ते कापायचं. रस्ता मधे उंच आन् कडंला उतरता असतोय, कशासाठी? पाणी जावं म्हणून. कडंला माती चढली की पाणी रस्त्यावरच बसतंय. आन् पाणी बसलं की डांबर उठलंच म्हणून समज."

डांबराचा शत्रू ट्रक नाही, पाणी आहे; हे वाक्य मी पुढे सिव्हिल शिकलेल्या भाच्याकडूनही ऐकलं. फरक इतकाच की भाचा ते सांगून चहा प्यायला गेला, मामा फावडं घेऊन गेलेले.

घाटात तर सगळा खेळ पाण्याचाच. घाटातल्या रस्त्याला एक डोंगराची बाजू आणि एक दरीची बाजू. डोंगरावरून आलेलं पाणी डोंगराकडच्या गटारात पडतं, गटारातून मोरीपर्यंत येतं, मोरीतून रस्त्याच्या पोटाखालून पलीकडे दरीत जातं. गटार तुंबलं, तर पाणी रस्त्यावरून वाहतं आणि दरीकडची कड कापत जातं. मोरी तुंबली तर त्याहून वाईट. पाणी मोरीच्या मागे साठतं, भरावात मुरतं, आणि एके दिवशी कठड्यासकट रस्त्याचा लचका दरीत जातो. पेपरात 'रस्ता खचला' एवढंच येतं. खरं तर तो आदल्या मे महिन्यातच खचलेला असतो, जेव्हा मोरीत कोणी वाकून पाहिलेलं नसतं.

मामांच्या टोळीचं वर्ष म्हणून मे महिन्यात सुरू व्हायचं. मोरीत आडवं होऊन शिरायचं. पाला, दगडगोटे, गाळ, मेलेलं कुत्रं, एसटीतून फेकलेल्या चपला. एक जण आत फावड्याने ओढणार, दुसरा तोंडाशी घमेलं धरणार, तिसरा ते नेऊन टाकणार. टाकायचं ते खालच्या अंगाला, दरीकडे, आणि तेही उतारावर पसरून. मोरीत साप निघायचे. पहिल्यांदा काठीने आवाज करायचा, थोडं थांबायचं, मग शिरायचं. फुरसं असलं तर मात्र ते आवाजाने जात नाही, जागेवर बसून राहतं, म्हणून आधी टिकावाच्या दांड्याने पाला उलटायचा. हे सांगताना मामांचा आवाज अजिबात बदलत नाही. आपण बँकेत पासबुक भरून घेण्याबद्दल बोलतो त्याच सुरात ते फुरशाबद्दल बोलतात.

बाकीची कामं ऋतूप्रमाणे. पावसात दरड आली की झेंडी घेऊन उभं राहायचं आणि दगड हलवायचे. पाऊस सरला की खड्डे. त्यालाही रीत होती. खड्डा चौकोनी कापून घ्यायचा, आतलं मोकळं सगळं काढायचं, झाडायचं, पातळ डांबर मारायचं, मग खडी, मग धुम्मसाने ठोकून दाबायचं. आता टेंपोतून खडीडांबर टाकतात आणि फावड्याच्या पाठीने थापटतात. पहिल्या पावसात ते निघून रस्त्यावर पसरतं आणि त्यावरून दुचाकी घसरते. उन्हाळ्यात झाडं. सातारा रस्त्याला दुतर्फा वड, चिंचा, कडुनिंब होते. त्यांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारायचे आणि नंबर घालायचे. रस्त्याकडेच्या चिंचांचा दरसाल लिलाव व्हायचा, त्याचे पैसे सरकारजमा. मामी सांगते, मैलकुलीची बायको असूनही तिने कधी रस्त्याची चिंच घरात आणली नाही, कारण मुकादम झाडं मोजायचा तशा चिंचाही मोजील अशी भीती. मामा यावर हसतात आणि विषय बदलतात, त्यावरून मला वाटतं चिंचा येत असाव्यात.

या नोकरीला मान नव्हता, हेही सांगायला हवं. रोजंदारीवर लागायचं, सलग पाच वर्षं भरायची आणि मग कालेलकर निवाड्याप्रमाणे, म्हणजे रोजंदारीवाल्यांना कायम करण्याबद्दलच्या निकालाप्रमाणे, कायम व्हायचं. 'सीआरटीत लागला', म्हणजे या कायम झालेल्यांच्या यादीत गेला, की सुटला. मामांच्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी "मुलगा रस्त्यावर असतो" हे दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. नंतर खात्याने ही पदं हळूहळू भरायचीच थांबवली. माणूस निवृत्त झाला की जागा गेली. कामं ठेकेदाराला. ठेकेदार वाईट असतो असं मला म्हणायचं नाही, पण ठेक्यात डांबराचा थर मोजता येतो आणि त्याचं बिल निघतं. मोरीत वाकून पाहिल्याचं बिल निघत नाही.

इकडे रस्त्याची पत वाढत होती. वाहतूक इतकी झाली की सुट्टीच्या दिवशी घाटात तासन् तास अडकायचं. चढावर ट्रकचं इंजीन तापायचं, क्लीनर मागच्या चाकाला दगड लावायला खाली उडी मारायचा, बोगद्यातून एसटी आली की समोरचा मागे घेणार की आपण, यावर हुज्जत. लहानपणी मामाकडे जाताना बोगदा आला की एसटीतली सगळी पोरं ओरडायची आणि कंडक्टर त्याकडे दुर्लक्ष करायचा. मग सुवर्ण चतुष्कोनाची योजना आली. पुण्याला पश्चिमेकडून वळसा घालणारा देहूरोड-कात्रज बाह्यवळण रस्ता आणि त्यावर जांभूळवाडीच्या बाजूने नवा जोडबोगदा झाला. महामार्ग जुना घाट सोडून तिकडे गेला. २०१० साली तर देशातल्या सगळ्या राष्ट्रीय महामार्गांचे नंबरच बदलले. चारचा अठ्ठेचाळीस झाला. मामा म्हणाले, "बरं झालं, च्यार नंबर आमचाच ऱ्हायला."

पहिली काही वर्षं खरोखर बरी गेली. जड वाहनं कमी झाली, घाटात हवा आली. दुचाकीवर बसून मामांना मी एकदोनदा वर घेऊन गेले. ते बोगद्याच्या तोंडाशी उतरायचे, देवळाकडे हात जोडायचे आणि लगेच कडेच्या गटारात डोकवायचे. देवीपुढे उभं असतानाही त्यांचं लक्ष गटारात, असं मामी घरी गेल्यावर सांगायची.

जड वाहतूक गेली म्हणजे रस्त्याचं ओझं गेलं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ओझ्याबरोबर पैसाही जातो. महामार्ग असताना दर काही वर्षांनी वरचा थर यायचा, कठडे दुरुस्त व्हायचे, कारण एक दिवस घाट बंद पडला तर मुंबई-बंगळूर वाहतूक बंद पडे आणि दिल्लीपर्यंत फोन जात. आता घाट बंद पडला तर कणीसवाले घरी बसतात. त्यात शहर डोंगराकडे सरकलं. घाटाच्या दोन्ही पायथ्यांशी प्लॉट पडले, टेकड्या कापल्या, मुरूम निघाला. डोंगर कापणाऱ्याला पाण्याची वाट माहीत नसते, आणि सांगायला रस्त्यावर कोणी नेमलेला नसतो. जून २०१३ मध्ये शिंदेवाडीजवळ पहिल्याच जोराच्या पावसात डोंगरावरून आलेल्या लोंढ्यात मायलेकी गाडीसकट वाहून गेल्या. वरची डोंगरफोड आणि बुजवलेले ओढे यांची नंतर पुष्कळ चर्चा झाली. मामा त्या दिवशी टीव्हीसमोर बसून होते. बातमी संपल्यावर त्यांनी फक्त तिथल्या नाल्याची जुनी रुंदी सांगितली, हात पसरून.

कागदावर रस्ता वरखाली करण्याचा सगळ्यात मासलेवाईक प्रकार आपण २०१७ साली पाहिला, तो इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारू विकायची नाही. १ एप्रिल २०१७ पासून अंमल. लहान वस्त्यांसाठी हे अंतर पुढे दोनशे वीस मीटर झालं. आता दुकान हलवणं अवघड. मग लोकांच्या लक्षात आलं की दुकानापेक्षा महामार्ग हलवणं सोपं आहे, कारण तो कागदावर आहे. शहरांतून जाणारे राज्य मार्ग अवर्गीकृत करून पालिकांकडे सोपवायचा घाट कित्येक राज्यांत घातला गेला, आपणही त्यात मागे नव्हतो. रस्ता तिथेच, डांबर तेच, बार तोच. फक्त रस्ता आता महामार्ग नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायालयाने पालिका हद्दीतल्या दुकानांना ही बंदी लागू नाही असं स्पष्ट केलं आणि बऱ्याच जणांचा घसा ओला झाला. पण मला त्यातलं दुसरंच काही लक्षात राहिलं. एरवी रस्ता या खात्याकडून त्या खात्याकडे जायला वर्षानुवर्षं लागतात. फाइल हरवते, सीमांकन होत नाही, पुलाचा खर्च कोणी करायचा यावर अडतं. त्या वर्षी मात्र फाइली भराभर पळत होत्या. आणि सोपवलेल्या रस्त्याबरोबर मैलकुली सोपवले गेले का, दुरुस्तीचे पैसे सोपवले गेले का, हे विचारणारा मला तरी कोणी भेटला नाही.

जुन्या घाटाच्या पुण्याकडच्या बाजूला आता आणखी एक मालक आला आहे. जून २०२१ मध्ये तेवीस गावं महापालिकेत आली, त्यात मांगडेवाडी, भिलारेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी, जांभूळवाडी, कोळेवाडी आहेत. म्हणजे घाटाचा पायथा शहरात आणि पलीकडची शिंदेवाडी ग्रामपंचायतीत. पावसाचं पाणी अर्थातच हद्द बघत नाही, ते मोरी बघतं. मोरी मिळाली नाही तर मग घरं बघतं.

उतारावर एका वळणाच्या खाली एका बाईंचं चहाचं दुकान आहे. पत्र्याचं, दोन बाकडी, भजी फक्त शनिवार-रविवार. दुकानाच्या वर एक मोरी आहे आणि ती तुंबली की पाणी थेट त्यांच्या चुलीपर्यंत येतं. गेल्या उन्हाळ्यात मामांना घेऊन गेले तेव्हा त्यांनी सवयीने डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "ही निम्म्याच्या वर भरलीय." बाई म्हणाल्या, "आमचा पोरगा दरसाल काढतो जमेल तेवढं. पण आत दगूड अडकलाय मोठा, तो त्याच्याच्यानं न्हाय निघत. अर्ज द्यायचा म्हणला तर कोणाला द्यायचा?"

अर्ज मी लिहिला. लिहायला अडचण नव्हती. विषय, संदर्भ, महोदय, सगळं झालं. 'प्रति'पुढे मात्र गाडी अडली. महापालिकेच्या ॲपवर फोटो टाकला तर दोन दिवसांत उत्तर आलं की सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही, तक्रार बंद करण्यात येत आहे. दुसऱ्या कचेरीत गेले, तिथे टेबलामागच्या मुलाने कॉम्प्युटरवर नकाशा उघडून दाखवला. त्यात घाटाची रेघ होती, पण रेघेला नंबर नव्हता. मुलगा सालस होता. "मॅडम, आमच्या लिस्टमध्ये हा चेनेजच येत नाही," म्हणजे रस्त्यावरचं हे मोजलेलं अंतर त्यांच्याकडे नाही, असं म्हणून त्याने तिसऱ्या कचेरीचा मजला सांगितला. तिसऱ्या कचेरीत साहेब साइटवर होते.

शेवटी 'प्रति'खाली तिन्ही नावं घातली, खाली माहितीसाठी प्रत म्हणून लोकप्रतिनिधींचं नाव टाकलं, आणि तीन ठिकाणी तीन पोच घेतल्या. मामांनी अर्ज वाचून घेतला आणि एकच दुरुस्ती सुचवली. मी 'नाला' लिहिलं होतं, ते खोडून त्यांनी 'मोरी' करायला लावलं आणि पुढे 'वळणाच्या वरच्या अंगाची' असं घालायला सांगितलं, म्हणजे येणारा माणूस खालच्या मोरीपाशी खणत बसणार नाही.

मे संपता संपता जेसीबी आला. बाईंनी फोन केला म्हणून मीही मामांना घेऊन पोचले. जेसीबी कोणी पाठवला, हे तो चालवणाऱ्या मुलालाही नीट सांगता येईना. त्याला सेठचा फोन आला होता, सेठला कोणाचा आला ते माहीत नाही. काम त्याने झपाट्याने केलं. बकेटने मोरीचं तोंड मोकळं केलं, तो मोठा दगड उपसून काढला, गटारातला गाळही ओढला. एका तासात मोरीतून पलीकडचा उजेड दिसायला लागला. बाईंनी सगळ्यांना चहा पाजला, पैसे घेतले नाहीत.

मामा चहा न पिता उभेच होते. मुलाने काढलेला सगळा गाळ जवळच, डोंगराच्या अंगाला, गटाराच्या वर ढीग करून ठेवला होता, कारण दरीच्या बाजूला न्यायचा तर मशीन रस्त्यावर आडवं घालून वाहतूक थांबवावी लागली असती आणि त्याच्याकडे झेंडी दाखवायला माणूस नव्हता. मामांनी त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "बाबा, मला एक तासाचंच डिझेल दिलंय."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस झाला. बाईंचा फोन आला, निम्मा गाळ पुन्हा मोरीत गेला होता.